चाकाचा रंग आणि भट्टीचे तापमान

रावपुऱ्यासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर गाडी कडेला लावताना चाकाची कड फुटपाथच्या दगडाला घासणे, हे बडोद्याच्या वाहनमालकांना नवे नाही. अशी खरवडलेली किंवा रंगाचे पोपडे निघालेली चाके पुन्हा नीटनेटकी करण्यासाठी दोन वाटा सुचवल्या जातात: डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये रंगाचा फवारा मारून घेणे, किंवा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यातून पावडर कोटिंग करून आणणे. निवड करताना बोलणे बहुधा खर्च आणि टिकाऊपणा यांवरच होते. अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकाच्या बाबतीत मात्र सर्वांत आधी विचारायला हवे ते हे, की या कामात धातूला किती उष्णता सोसावी लागणार आहे.

पावडर कोटिंगमध्ये पॉलिएस्टर राळ, रंगद्रव्य आणि राळ घट्ट करणारे रसायन यांचे मिश्रण दळून केलेली भुकटी वापरतात. तिचे कण साधारण ३० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे असतात. फवारणीच्या बंदुकीच्या टोकाशी ६० ते ९० हजार व्होल्टचा दाब असल्यामुळे हे कण विद्युतभारित होतात आणि अर्थिंग दिलेल्या चाकाकडे ओढले जाऊन त्याला चिकटून राहतात. मग चाक भट्टीत जाते, आणि १८० ते २०० अंश सेल्सियसला दहा ते वीस मिनिटांत भुकटी वितळून पसरते व तिच्या रेणूंची एकमेकांत घट्ट जाळी विणली जाते. एकाच फेरीत ६० ते १०० मायक्रॉन जाडीचा, उडत्या खडीचे मार सहन करणारा थर मिळतो. यात थिनर नसतो आणि खाली पडलेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते.

गॅरेजमधला रंग निराळ्या रीतीने सुकतो. प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर असे त्याचे थर असतात. लॅकरमधली ॲक्रिलिक राळ आणि आयसोसायनेट गटाचे हार्डनर (राळ घट्ट करणारे रसायन) यांची अभिक्रिया साध्या तापमानालाही होते. ६० अंशांची ऊब दिली तर अर्ध्या तासात काम होते. या हार्डनरचा फवारा श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो. नाकावर रुमाल बांधून हे काम करणारे कारागीर पाहिले की ग्राहकांनीच मास्कचा आग्रह धरावा असे वाटते.

आता धातूकडे वळू. ओतीव अलॉय चाके बहुधा ए-३५६ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि ०.३ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असते. ओतल्यानंतर चाक सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवून पाण्यात झटक्यात थंड करतात आणि पुढे १५० ते १७० अंशांवर काही तास ठेवतात. या शेवटच्या टप्प्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे काही नॅनोमीटर आकाराचे असंख्य कण धातूभर तयार होतात. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले दोष सरकत असतात. हे कण त्यांची वाट अडवतात, आणि चाकाची ताकद येते ती मुख्यतः त्यामुळे. धातू पुन्हा जास्त तापला, तर खडीसाखरेच्या पाकात मोठे खडे वाढत जातात आणि बारीक खडे विरघळून जातात, तसे मोठे कण लहानांना गिळून वाढतात. कण कमी आणि विरळ झाले की दोषांना मोकळी वाट मिळते व धातू मऊ पडतो. बाहेरून पाहता त्याचा मागमूसही लागत नाही.

बडोद्याच्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेत १८९० पासून रंगाईचे रसायनशास्त्र शिकवले जाई, आणि त्या कलाभवनातूनच पुढे आलेल्या, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत आज धातुशास्त्र शिकवले जाते. चाकाचा हा साधा वाटणारा प्रश्न नेमका या दोन विषयांच्या सीमेवरचा आहे.

मग पावडर कोटिंग धोक्याचे समजावे का? तसे नाही. अनेक कारखान्यांत नव्या चाकालाही प्रायमर पावडरचाच असतो आणि त्यावर पातळ रंग व लॅकर चढवतात, म्हणजे दोन्ही पद्धती एकाच चाकावर सुखाने नांदतात. एकदा वीस मिनिटे १८० अंश सोसल्याने होणारा बदल अल्प असतो. परिणाम तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असतो व साठत जातो. म्हणून तीन-चारदा भट्टीत गेलेले किंवा २०० अंशांच्या बरेच वर तापलेले चाक शंकास्पद ठरते. खरा धोका पुष्कळदा आधीच्या टप्प्यात असतो. लोखंडी जाळ्यांवरचा जुना रंग काही ठिकाणी ३५० ते ४०० अंशांच्या भट्टीत जाळून काढतात. तीच पद्धत अलॉय चाकाला लावली, किंवा वाकलेली कड गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकली, तर धातूची ताकद झपाट्याने उतरते. जुना रंग रसायनाने किंवा काचेच्या अथवा ॲल्युमिनाच्या बारीक कणांच्या माऱ्याने काढतात का, हे चाक देण्यापूर्वी विचारून घ्यावे. पोलादी कणांचा मारा नको, कारण रुतून बसलेले लोखंड पुढे ॲल्युमिनियमला गंजवते.

साध्या लोखंडी रिमला ही चिंता नाही. २०० अंशांनी पोलादाचे काही बिघडत नाही आणि तिथे पावडर निःशंकपणे घ्यावी.

ओरखडा खोल असेल तर पारडे रंगाकडे झुकते. पत्र्यावर वापरली जाणारी पॉलिएस्टर पुट्टी भट्टीत टिकत नाही, आणि वीज वाहून नेत नसल्याने तिच्यावर भुकटीही नीट बसत नाही. आऱ्यांमधल्या अरुंद कोनांत विद्युतक्षेत्र पोहोचत नसल्याने तिथे भुकटी विरळ पडते. ओतीव धातूच्या सूक्ष्म पोकळ्यांतला वायू तापल्यावर बाहेर पडून थराला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पाडतो. म्हणून जाणकार कारागीर फवारणीपूर्वी रिकामे चाक एकदा तापवून घेतात, आणि ही उष्णताही हिशेबात धरावी लागते. एकाच चाकाला ओरखडा असेल तर रंगाने तेवढीच जागा दुरुस्त होते. पावडरला संपूर्ण चाक सोलावे लागते आणि छटा जुळावी म्हणून बहुधा चारही चाके करावी लागतात.

लॅकरच्या चिरेतून पावसाळ्यातली ओल आणि क्षार आत शिरले की थराखाली पांढऱ्या, अळीसारख्या वळणांची गंज पसरत जाते. ती पूर्ण खरवडून धातूवर झिर्कोनियम किंवा क्रोमेटचा रासायनिक थर न देता वर काहीही लावले, तरी ती पुन्हा वर येते.

तडा गेलेले चाक मात्र दोन्हींपैकी कशासाठीही देऊ नये, कारण जाड थराखाली तडा लपतो. आणि काम कोणतेही असो, हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) टेकणारा भाग व नटांच्या बैठका झाकूनच फवारणी करायला सांगावे. तिथे थर राहिला तर तो दाबाखाली पातळ होतो आणि नट सैल पडतात. म्हणून चाके बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने नट आवळणाऱ्या पान्याने) ते पुन्हा तपासावेत.