मोडशीपासून मीठ-साखरेच्या पाण्यापर्यंत

१५६३ साली गोव्यात छापलेल्या एका पोर्तुगीज ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने एका आजाराचं वर्णन केलं आहे. उलट्या-जुलाब थांबत नाहीत, नाडी हाताला लागत नाही, अंग गार पडतं, डोळे खोल जातात आणि कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस आज जातो. इथले लोक त्याला काय म्हणतात हेही त्याने टिपून ठेवलं. ती आपली मोडशी. आज मोडशी म्हणजे जरा पोट बिघडलं, ओवा चावून खा, इतकाच अर्थ उरलाय. तेव्हा तो पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा शब्द होता. ‘मोडणे’वरून तो आला असं मानतात. पुढे फ्रेंचांनी तो कानाला लागला तसा उचलला आणि त्याचं ‘मोर-द-शियँ’ केलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो कुत्र्याचं मरण.

ओर्ताच्या यादीत एक कोडं दडलेलं आहे. आजार आतड्याचा, मग नाडी का जाते? हात का गार पडतात? लघवी का बंद होते? शरीरातली इंद्रियं एकमेकांच्या आधाराने कशी चालतात हे आपल्याला जे काही कळलं, त्यातलं पुष्कळसं हे कोडं सोडवताना हाती लागलं. शाळेच्या पुस्तकात पचनसंस्था, श्वसनसंस्था, उत्सर्जन संस्था असे वेगवेगळे धडे असतात. परीक्षेसाठी ते सोयीचं आहे. पटकीला मात्र ते धडे कधीच वेगळे दिसले नाहीत.

१६२८ मध्ये विल्यम हार्वीने साध्या गुणाकाराने दाखवलं की हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त ढकलतं तेवढं अन्नापासून नव्याने तयार होणं अशक्य आहे; म्हणजे तेच रक्त फिरून येतं. १७८० च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएने गिनीपिग बर्फाच्या भांड्यात ठेवून श्वासोच्छ्वास हे एक प्रकारचं संथ ज्वलन असल्याचं सिद्ध केलं. हे शोध मोठेच. पण रोग्याच्या खाटेशी वैद्य अजून पित्त, कफ आणि दूषित रक्ताच्याच भाषेत बोलत होते. पटकीच्या रोग्याची शीर कापून रक्त काढत. आधीच कोरड्या पडलेल्या माणसाचं उरलंसुरलं रक्त काढायचं!

१८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरकडून पटकीची मोठी साथ उठली. पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या सैन्यात तिने हाहाकार उडवला आणि १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच साली, ती दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत पोचली. गावोगावी वेशीबाहेर मरीआई होतीच. साथ आली की तिचा गाडा सजवून गावाच्या शिवेपार नेत. शेजारच्या गावाने तो पुढच्या गावाकडे लोटायचा. उपाय म्हणून यात काही नव्हतं, पण रोग माणसांबरोबर गावातून गावात जातो ही समज त्यात होती. युरोपातले पुष्कळ डॉक्टर तेव्हा दूषित हवेला दोष देत बसले होते.

त्यानंतर उठलेली पुढची मोठी साथ इंग्लंडला पोचली. १८३१ च्या अखेरीस विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाचा २२ वर्षांचा आयरिश डॉक्टर संडरलंडला गेला. रोग्यांच्या पोटाकडे सगळेच बघत होते. त्याने रक्त तपासलं. रक्तातलं पाणी आणि क्षार कमी झाले होते आणि जे रक्तातून नाहीसं झालं होतं, तेच जुलाबात सापडत होतं. म्हणजे जमा-खर्चाच्या वहीतली दोन पानं प्रथमच शेजारी ठेवली गेली. मग गेलेलं परत भरा, असं त्याने सुचवलं. (हाच ओशॉनेसी पुढे कोलकात्याला रसायनशास्त्र शिकवायला आला आणि १८५० च्या दशकात कोलकात्यापासून आग्रा, मुंबई, मद्रासपर्यंत तारायंत्राच्या तारा त्याच्याच देखरेखीखाली पडल्या. इतिहासात त्याचं नाव या तारांमुळे जास्त राहिलं.)

त्याचं म्हणणं खरं करून दाखवलं ते स्कॉटलंडमधल्या लीथच्या टॉमस लॅटा याने, १८३२ मध्ये. पहिली रोगी एक म्हातारी बाई होती, मरणाच्या दारात. लॅटाने तिच्या शिरेत क्षारांचं पाणी सोडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तीनेक लिटर पाणी गेलं आणि बाईचा चेहरा पालटला, नाडी परत आली, हातपाय ऊबदार झाले. आता धोका टळला असं समजून दमलेला लॅटा निघून गेला. मागे जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा द्यायला कोणी धजलं नाही आणि साडेपाच तासांत बाई गेली.

मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. लॅटाचा उपाय चुकला नव्हता. भोक पडलेल्या घागरीत एकदा पाणी ओतून तो थांबला होता. एका क्षणी सगळं ठीक दिसणं निराळं आणि येणं-जाणं बरोबरीत राहणं निराळं, हे सांगणारी कल्पनाच तेव्हा नव्हती. ती पद्धत मागे पडली, पुढच्याच वर्षी लॅटाही वारला.

ती कल्पना पॅरिसमध्ये क्लोद बेर्नारने मांडली. यकृत साखर साठवतं आणि गरजेनुसार रक्तात सोडतं हे त्याने प्रयोगांनी दाखवलं होतं. त्यातून त्याला जाणवलं की आपण बाहेरच्या हवेत जगतो हे अर्धंच खरं आहे. आपल्या पेशी जगतात त्या आतल्या पाण्यात: रक्त, रस आणि पेशींभोवतालचं खारट पाणी. बाहेर कडाका असो की उन्हाळा, हे आतलं वातावरण स्थिर राहतं म्हणून प्राणी मोकळा हिंडू-फिरू शकतो. फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं, यकृत ही सगळी त्या एकाच सामाईक पाण्याची राखण करतात. त्याची ही व्याख्यानं १८७८ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, छापून आली.

हे पाणी किती काटेकोर असावं लागतं, ते लंडनमध्ये एका घोटाळ्यामुळे कळलं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिडनी रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत होता. सगळं छान चाललं होतं. मग लक्षात आलं की मदतनीस शुद्ध केलेल्या पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरत होता. शुद्ध पाणी घेतलं तर हृदय थोड्याच वेळात थांबायचं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि तेवढ्या चिमटीभर क्षारावर हृदयाचा ठोका अवलंबून होता. आज इस्पितळात खाटेशी टांगलेल्या ‘रिंगर लॅक्टेट’च्या बाटलीवर त्याचंच नाव आहे.

अवयव एकमेकांना निरोप कसे देतात, हा पुढचा प्रश्न. सगळे निरोप मज्जातंतूंतून जातात असं तेव्हा ठाम मत होतं. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा कापल्या आणि त्यात आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंड पाझरू लागलं. निरोप रक्तातून गेला होता. अशा रासायनिक निरोप्याला स्टार्लिंगने १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हे नाव दिलं. मूत्रपिंडातून निघणारं आणि रक्तदाब वाढवणारं रेनिन तर १८९८ मध्येच स्टॉकहोमला सापडलं होतं, पण कित्येक वर्षं त्याकडे कोणी फारसं वळून पाहिलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर कॅननने या सगळ्या सांभाळाला ‘होमिओस्टॅसिस’ म्हटलं. आपण समस्थिती म्हणतो. शब्द जरा फसवा आहे. स्थिती सम दिसते, आत मात्र अखंड धावपळ चाललेली असते.

किती धावपळ? आपण दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो-खातो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस आणि आतड्याचा स्वतःचा रस मिळून सुमारे सात लिटर आणखी भर पडते. म्हणजे रोज नऊएक लिटर पाणी आतड्यात उतरतं आणि शौचावाटे बाहेर पडतं जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. उरलेलं सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं. मूत्रपिंडांचा व्यवहार याहून अफाट: दिवसाला १८० लिटर गाळतात आणि दीडेक लिटर सोडून बाकीचं परत घेतात. आणि रक्त असतं किती, तर पाचेक लिटर. एवढ्या तुटपुंज्या गंगाजळीवर एवढी उलाढाल! एका जरी पेढीने परतफेड थांबवली तर दिवाळं निघायला काही तास पुरतात.

पटकीत नेमकं हेच होतं. रोगी तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. रक्त आटतं. मानेच्या धमनीतली दाब ओळखणारी केंद्रं मेंदूला कळवतात. हृदय वेगाने धावू लागतं आणि कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, कारण मेंदू आणि हृदय आधी जगवायचे असतात. म्हणून हात गार आणि नाडी लागेनाशी. मूत्रपिंड रेनिन सोडतं, मेंदूच्या तळाची ग्रंथी पाणी धरून ठेवायचा हुकूम पाठवते, म्हणून लघवी आटते. घसा कोरडा पडून तहान लागते. जुलाबावाटे क्षारधर्मी बायकार्बोनेट गेल्याने रक्त आम्लाकडे झुकतं, तर फुप्फुसं खोल-खोल श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात आणि ती आम्लता उतरवू बघतात. पोटॅशियम जातं आणि पिंडऱ्यांत गोळे येतात. उलट्या-जुलाब सोडले तर ओर्ताने लिहिलेलं बहुतेक प्रत्येक लक्षण म्हणजे एकेका अवयवाने दुसऱ्यासाठी केलेला त्याग होता. रोग तिथे नव्हताच.

रोग कुठे होता, ते कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवलं. जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कोलकात्यातच शोधला होता. पण तो मारतो कसा, याबद्दल सगळे चाचपडत होते. आतड्याचं अस्तर सोलून निघतं असा जुना समज होता. डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू गाळून काढलेला द्रव सोडला, तरीही तो तुकडा पाण्याने फुगला. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. करणी जंतूच्या विषाची होती. त्याच सुमारास बँकॉकच्या रोग्यांच्या आतड्याचे नमुने तपासले तेव्हा अस्तर शाबूत दिसलं. विष पेशींना फक्त क्षार बाहेर सोडत राहायला लावतं आणि क्षारांमागे पाणी जातं. डे यांना हयातीत देशात म्हणावा तसा मान मिळाला नाही, ही गोष्ट खटकते.

अस्तर शाबूत, म्हणजे शोषणाची दारंही शाबूत असणार. १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेनने त्यातलं एक दार दाखवलं: आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात. नुसतं मीठ दिलं तर पटकीत ते आत जात नाही. साखरेचा हात धरून आलं तर जातं, आणि मागोमाग पाणीही. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी कोलकात्यात १९५३ मध्येच १८६ सौम्य रोग्यांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून बरं केलं होतं. पण का बरं झाले, हे सांगणारं शास्त्र तेव्हा नसल्याने ते मागेच राहिलं.

१९६२ मध्ये मनिलात रॉबर्ट फिलिप्स या अमेरिकी डॉक्टरने तोंडाने द्रव देऊन पाहिला, पण प्रमाण चुकलं, काही रोगी दगावले आणि प्रयोग बंद पडला. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पूर्वीच्या लोकांकडून निसटलेला धागा पकडला. रोग्याची खाट मधोमध भोक पाडलेली, खाली बादली. बादलीत जेवढं पडलं तेवढं मोजायचं आणि तितकंच पाजायचं. शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी उतरली. लॅटाने अर्धी टाकलेली वही इथे पूर्ण झाली.

तरीही डॉक्टरांना ते पटेना. पटलं १९७१ मध्ये, तेही नाइलाजाने. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावची छावणी भरली होती, पटकीने जमिनीवर ओळीने माणसं पडलेली, सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. दिलीप महालनबीस यांनी कोलकात्यात मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पिशव्या भरून घेतल्या: लिटरला ३.५ ग्रॅम मीठ, २२ ग्रॅम ग्लुकोज, २.५ ग्रॅम सोडा. पिंपात कालवलेलं पाणी नातेवाइकांनीच आपापल्या माणसाला पेल्यापेल्याने पाजायचं. नुसतं पाणी म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून त्याचं नाव ‘तोंडाने घ्यायचं सलाईन’. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ वर आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लिहिलं की हा बहुधा या शतकातला वैद्यकाचा सर्वांत महत्त्वाचा शोध ठरेल. महालनबीस ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यांना पुढच्या वर्षी, मरणोत्तर मिळालं.

हेच पुढे ‘ओआरएस’ म्हणून पाकिटात आलं. त्या पाकिटातलं प्रमाण त्यानंतरही बदललं. साखर किंवा मीठ जास्त झालं तर आतड्यातलं द्रावण रक्तापेक्षा दाट होतं आणि उलट रक्तातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं.  म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पाकीट आणखी सौम्य केलं: लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाटच हवा. पोरगं लवकर बरं व्हावं म्हणून शीग लावायची नाही.