धर्मादाय रुग्णालयात मोफत किंवा सवलतीत उपचार : कोण पात्र, कोणती कागदपत्रं, कुणाला भेटायचं

माझ्या मावसभावाच्या ऑपरेशनच्या वेळी ‘आयपीएफ’ (निर्धन रुग्णांसाठीचा निधी) हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तो बिलाच्या खिडकीवर. डिस्चार्ज त्याच दिवशी होता आणि उत्पन्नाचा दाखला काढलेलाच नव्हता. त्या दिवशी कुणी काही करू शकलं नाही. तेव्हापासून ओळखीतलं कुणी दवाखान्यात दाखल झालं की मी आधी विचारते, रुग्णालय ट्रस्टचं आहे का? असेल तर आजच सोशल वर्करला भेटा. उद्यावर टाकू नका.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांनी चालवलेली चारशेहून जास्त रुग्णालयं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत. त्यातली बरीच चकचकीत असल्यामुळे गरीब माणूस त्यांच्या दारातच जात नाही. मुंबईतलं लीलावती, जसलोक, हिंदुजा आणि पुण्यातलं रुबी हॉल ही सगळी धर्मादाय रुग्णालयंच आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. म्हणजे तिथे हे मागणं कुणाच्या उपकाराचं नसतं. मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

पात्रता उत्पन्नावर ठरते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण ‘निर्धन’ गटात येतो आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर ‘दुर्बल घटक’ गटात. पूर्वी या मर्यादा बऱ्याच कमी होत्या, त्यामुळे जुन्या आकड्यांवर विसंबून “आपलं बसणार नाही” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

दोन्ही गटांना मिळणाऱ्या सवलतीत फरक आहे, आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात. खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टरांची सेवा, रुग्णालय देत असेल तर जेवण, चादरी, नेहमीच्या तपासण्या या गोष्टींचे पैसे निर्धन रुग्णाकडून घ्यायचे नसतात. औषधं, इम्प्लांट आणि एकदाच वापरायचं साहित्य रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायचं असतं. हा आणि बाकीचा बिलात लागणारा खर्च निर्धन रुग्ण निधीतून, म्हणजेच आयपीएफमधून वळता होतो. या निधीसाठी रुग्णालय इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवतं. दुर्बल घटकातल्या रुग्णाला बिल लागतं, पण खाटांच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने. औषधं आणि साहित्य खरेदी किमतीनेच मिळतं, मात्र त्या रकमेचा किमान निम्मा भाग त्याला स्वतः भरावा लागतो. इम्प्लांट महागडं असेल तर ही निम्मी रक्कमही मोठी होते, म्हणून तेवढ्या पैशांची सोय आधीपासून बघून ठेवा.

कागदपत्रांत सर्वांत महत्त्वाचा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. तो सेतू केंद्रात, महा ई-सेवा केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर काढता येतो, पण हातात यायला दिवस लागतात. घरात दीर्घ आजाराचं कुणी असेल तर दाखला आत्ताच काढा. जुना असेल तर त्याच्यावरची वैधतेची तारीख बघा. सोबत रेशनकार्ड आणि असेल तर दारिद्र्यरेषेखालचं कार्ड, रुग्णाचं आधार, डॉक्टरांची चिठ्ठी, तपासणीचे रिपोर्ट आणि खर्चाचं अंदाजपत्रक ठेवा. प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर तेही आधीच सांगा, ऐन वेळी त्यावरून अडतं.

अर्ज द्यायचा रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे. तिथे त्यांना एमएसडब्ल्यू किंवा नुसतं ‘सोशल वर्कर’ म्हणतात. ते घरात कमावते किती, घर भाड्याचं की स्वतःचं, शेती किती, अशी चौकशी करतात. खरं ते सांगा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. “खाटा भरल्यात” असं उत्तर मिळालं तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयानुसार शिल्लक खाटा बघता येतात. तोंडी नकारावर परत फिरू नका, कारण लिहून मागा.

अपघात, हार्ट अटॅक, अडलेलं बाळंतपण अशा वेळी कागदांची वाट बघायची नसते. रुग्णाला लगेच दाखल करून घेणं आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि असं दाखल करून घेताना अनामत रक्कम मागता येत नाही. त्या गडबडीत हे वाक्य ठामपणे म्हणायला एक शांत डोक्याचा माणूस बरोबर असू द्या.

महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत आजार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, आधीच विचारा. तरीही भरायची रक्कम उरली तर सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्था वैद्यकीय मदत देतात. त्यांना सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक लागतं. अशी मदत साधारणपणे रुग्णालयाच्या नावे दिली जाते, त्यामुळे बिल भरून झाल्यावर अर्ज करून उपयोग होत नाही.

पात्र असूनही नाकारलं तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करा. या योजनेवर देखरेख ठेवणाऱ्या समितीत त्याच खात्याचे अधिकारी असतात. तक्रारीला पोच घेतलेला अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि बिलाची प्रत जोडा, आणि सोशल वर्करला कोणत्या तारखेला, किती वाजता भेटलात तेही लिहा.