फळांच्या वासाचा संकरित गांजा: ग्वाल्हेरच्या अर्जदारासाठी परवान्याची माहिती

आंबा, लिंबू किंवा बेरीसारखा वास असलेल्या संकरित गांजाच्या बियांच्या जाहिराती पाहून, केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय आपल्या मुरारमध्येच असल्यामुळे लागवडीचा परवानाही तिथेच मिळत असावा, असा समज ग्वाल्हेरमध्ये सहज होऊ शकतो. हा समज चुकीचा आहे. ब्यूरोकडून परवाना मिळतो तो अफूच्या पिकाचा, म्हणजे मध्य प्रदेशात नीमच, मंदसौर, रतलाम या पट्ट्यातील शेतकऱ्यांना, आणि तोही केंद्र सरकारच्या वार्षिक धोरणानुसार. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायदा 1985 च्या कलम 9 ने अफू केंद्राकडे, तर कलम 10 ने गांजाचे झाड राज्य शासनाकडे सोपवले आहे.

वाणाची प्रकृती समजल्याशिवाय पात्रतेचा प्रश्न सुटत नाही. इंडिका आणि सॅटिव्हा या प्रकारांच्या संकरातून निवडलेल्या या झाडांचा फळांसारखा वास मिर्सीन, लिमोनीन यांसारख्या टर्पीन द्रव्यांतून येतो. ही द्रव्ये मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील चिकट ग्रंथींत तयार होतात, आणि नशा आणणारे टीएचसीही त्याच ग्रंथींत साठते. अशा वाणांत टीएचसीचे प्रमाण 15 ते 20 टक्के असणे नेहमीचे आहे. उलट उत्तराखंडात औद्योगिक हेम्पसाठी, म्हणजे धागा आणि बियांसाठी घेतल्या जाणाऱ्या कमी टीएचसीच्या गांजाच्या झाडासाठी, घातलेली मर्यादा 0.3 टक्के आहे. त्यामुळे सुवासासाठी प्रसिद्ध असलेला वाण हेम्पच्या परवान्यात बसवता येत नाही, मग अर्ज कितीही नीट भरलेला असो.

कायद्याने वाणाचे नाव विचारातच घेतलेले नाही. कॅनाबिस प्रजातीचे कोणतेही झाड त्याच्या व्याख्येत येते. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बी यांना गांजाच्या व्याख्येतून वगळले आहे, आणि म्हणूनच भांगेची दुकाने राज्याच्या अबकारी परवान्यावर चालतात. परंतु तेच बी गच्चीवरील कुंडीत रुजवले की ती विनापरवाना लागवड होते. घरगुती वापरासाठी एक-दोन झाडांची सवलत कायद्यात नाही. कलम 20 नुसार अशा लागवडीला 10 वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिकत्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट घरात स्पष्टपणे सांगावी, असे मला मनापासून वाटते, कारण कुंडीतल्या रोपाकडे मुले गुन्हा म्हणून पाहत नाहीत.

कलम 8 नुसार वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी, आणि कलम 14 नुसार केवळ धागा, बी किंवा उद्यानविद्येसाठी लागवडीला परवानगी देण्याची सोय आहे; तथापि कलम 14 साठी सरकारचा सर्वसाधारण किंवा विशेष आदेश लागतो. उत्तराखंडाने 2018 मध्ये हेम्पच्या लागवडीचा परवाना दिला. जम्मूची सीएसआयआर-आयआयआयएम ही प्रयोगशाळा संशोधनासाठी लागवड करते. मध्य प्रदेशात 2019 मध्ये औद्योगिक हेम्पला परवानगी देण्याची घोषणा झाली होती, पण वर्तमानपत्रातील घोषणा म्हणजे परवाना नव्हे, आणि तिच्या भरवशावर बी पेरू नये.

ज्यांना खरोखर हेम्पच्या धाग्याचा किंवा बियांचा उद्योग करायचा आहे, त्यांनी प्रथम ज्या राज्यात जमीन आहे त्या राज्याचा लागू असलेला आदेश मिळवून वाचावा. अर्जाबरोबर साधारणपणे जमिनीच्या मालकीचा पुरावा, म्हणजे आपल्याकडील खसरा-खतौनी (महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यासारखा उतारा), शेताचे क्षेत्रफळ, साठवणीच्या जागेचा तपशील, बियांचा स्रोत आणि अर्जदाराचे चारित्र्य प्रमाणपत्र यांची तयारी ठेवावी. जमीन भाड्याची असेल तर करारनामा नोंदवून घ्यावा. पिकाच्या तपासणीत टीएचसी मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास उभे पीक नष्ट करावे लागू शकते, म्हणून बियाणे प्रयोगशाळेच्या अहवालासहच घ्यावे आणि तो अहवाल पीक निघेपर्यंत जपून ठेवावा. ऑनलाइन विक्रेत्याने दिलेले ‘कायदेशीर’ असे प्रमाणपत्र या अर्जात कोणत्याही कागदाची जागा घेत नाही.