प्रादेशिक असमतोल (सोलापूर जिल्हा)

विकसनशील देशात एक प्रदेश भरभराटीस येतो आणि शेजारचा मागे राहतो, या तफावतीस अर्थशास्त्रात प्रादेशिक असमतोल म्हणतात. गुन्नार मिर्दाल (1957) यांच्या मते पुढारलेला प्रदेश भांडवल व मनुष्यबळ ओढून घेत राहतो, म्हणून दरी आपोआप बुजत नाही. आल्बर्ट हर्शमन (1958) यांनी समृद्धी पुढे झिरपते यावर अधिक भर दिला. सोलापूरचा दाखला मिर्दाल यांच्या बाजूस झुकतो.

येथे लोहमार्ग 1860 मध्ये पोहोचला; ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी निघाली ती बहुधा 1870 नंतरच्या दशकात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या कसबावर शहर वाढले. गिरण्या बंद पडण्याचे खापर कोणी जुनाट यंत्रांवर फोडतात, कोणी संपांवर. चादर आणि टॉवेल यंत्रमागावर टिकले.

असमतोल मोजायचा कसा, हा मात्र जास्त खोल वाद आहे. वि. म. दांडेकर समितीने (अहवाल 1984) जिल्हा हे एकक धरून अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, काढला. त्यात सोलापूर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त (विदर्भ व मराठवाडा वगळता), म्हणजे लोकांच्या बोलण्यात सधन पश्चिम महाराष्ट्रात मोडते. प्रत्यक्षात जिल्ह्यातील माळशिरस आणि त्याला लागून असलेला सांगोला, हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, म्हणजे डोंगराआड कमी पावसाचे. पण माळशिरसला नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळाले आणि सासवडच्या माळी बागाईतदारांनी 1930 नंतरच्या दशकात माळीनगरला साखर कारखाना काढला. सांगोल्याची ओळख दीर्घकाळ दुष्काळी तालुका हीच राहिली. तेव्हा केवळ पावसाकडे बोट दाखवणारी मीमांसा तोकडी पडते, आणि जिल्ह्याची सरासरी दोघांनाही झाकते. विजय केळकर समितीने (2013) तालुका हे एकक घेतले, ते अधिक ग्राह्य वाटते. अर्थात पाण्याच्या हिशेबात तालुकाही मोठाच: कालव्याच्या एकाच फाट्यावर तोंडाशी ऊस आणि टेलला (शेवटच्या टोकाला) आवर्तनाची, म्हणजे पाणी सुटण्याच्या पाळीची, वाट पाहणारी ज्वारी, असे चित्र असू शकते.

भीमेवरील उजनी धरण (1980) झाल्यावर जिल्ह्यात उसाचे क्षेत्र व कारखाने वाढले. सांगोल्याने कमी पाण्यावरच्या डाळिंबाचा वेगळा मार्ग धरला. सोलापुरात 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आले. तरी तेल्या या डाळिंबावरील जिवाणूजन्य रोगाने अनेक बागा काढाव्या लागल्या.