एप्टेशिया खरवडू नका

खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव असलेला समुद्री दगड, ठेवला की काही आठवड्यांनी एखाद्या कपारीतून फिकट तपकिरी, जवळजवळ पारदर्शक समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी) डोकावतं. बारीक देठ, वर टोकदार शुंडकांचं वर्तुळ. दिसायला देखणं, शिवाय न मागता आलेलं, म्हणून बरेच हौशी लोक त्याला कौतुकाने राहू देतात. हा एप्टेशिया, शास्त्रीय नाव एक्झेप्टेशिया डायफाना. पुढे त्याची पिल्लं दगडभर दिसू लागतात, शेजारचं प्रवाळ मिटून बसतं आणि मग माणूस चिमटा नाहीतर ब्लेड हातात घेतो. नेमकं तेच करायचं नसतं.

कारण त्याच्या पायात आहे. एप्टेशिया दगडाला एका मांसल चकतीने चिकटलेला असतो आणि त्या चकतीवर अगदी हळूहळू सरकतो. सरकताना चकतीच्या कडेचे कण मागे सुटतात. भिंगातून पाहिलं तर काचेवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. काही दिवसांत ठिपक्याला तोंड फुटतं, भोवती शुंडकं येतात आणि नवा एप्टेशिया तयार होतो. नर-मादीची गरज नाही, अंड्यांची नाही. हे प्राणी लैंगिक प्रजननही करतात, पण टाकीतली गर्दी मुख्यतः या तुकड्यांमुळेच होते. तुम्ही ब्लेडने खरवडता तेव्हा एक प्राणी मारत नाही, त्याचे तुकडे पाण्याच्या प्रवाहात सोडता.

‘दिवे बंद ठेवले तर मरेल ना?’ हा प्रश्न हमखास येतो. एप्टेशियाच्या ऊतींमध्ये प्रवाळांसारखंच सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशावर बनवलेली साखर यजमानाला देतं. अंधारात ठेवल्यास शैवाल कमी होऊन प्राणी पांढरा पडतो, पण खायला मिळत असेल तर जगतो. प्रयोगशाळांना त्याचा हाच गुण मोलाचा वाटतो. प्रवाळ शैवाल गमावतं तेव्हा काय घडतं, हे थेट प्रवाळावर तपासणं कठीण. शैवालाशिवाय तगणाऱ्या आणि पुन्हा शैवाल स्वीकारणाऱ्या एप्टेशियावर ते तपासता येतं. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरं का पडतं, हे समजून घेण्यात आपल्या टाकीतल्या या उपद्रवी जिवाचा मोठा वाटा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. टाकीतून तो काढावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

काढावा लागतो तो त्याच्या दंशामुळे. शुंडकांवरच्या पेशींमध्ये गुंडाळलेली पोकळ विषारी सूत्रं असतात. स्पर्श होताच ती बाहेर झेपावतात. याच प्राणीसंघातल्या हायड्रा या छोट्या जिवाच्या दंशपेशीचा वेग २००६ मध्ये मोजला गेला: हा स्फोट अवघ्या ७०० नॅनोसेकंदांत उरकतो. एप्टेशियाला जास्त डिवचलं तर तो अंगातून दंशपेशींनी भरलेले पांढरे धागेही बाहेर फेकतो. लगतच्या प्रवाळाच्या ऊती यानेच झिजतात.

मोजकेच एप्टेशिया असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला पानाला लावायचा चुना, उत्तम काम करतो. मात्र टपरीवरची डबी वापरू नका. शुद्ध, खाद्य दर्जाची पूड घेऊन ती आरओच्या पाण्यात घट्ट कालवा. पंप बंद करा. सिरिंजला लांब, बोथट सुई लावून बाजूने सावकाश जा. हादरा बसला की प्राणी क्षणात बिळात शिरतो. तो उघडा असताना तोंडावर थेंब सोडा. खाद्य समजून तो पेस्ट ओढून घेतो, आणि आत शिरलाच तर बिळाचं तोंडही पेस्टने बुजवा. चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा पीएच १२ च्या वर असतो, समुद्राच्या पाण्याचा ८ च्या आसपास. त्यामुळे त्याच्या ऊती पायापर्यंत जळतात. याच कारणाने एका वेळी थोडेच मारा, नाहीतर अख्ख्या टाकीचा पीएच चढेल. हातमोजे आणि चष्मा हवाच, सुई तुंबून पेस्ट डोळ्यात उडू शकते. लिंबाचा रस किंवा गरम पाणीही लोक टोचतात. वरचा भाग मरतो, पाय वाचला की पुन्हा तेच.

एक गोष्ट कधीही करू नका: दगड बाहेर काढून उकळणं. त्यावर पॅलिथोआ प्रकारचे झोएंथिड, म्हणजे समुद्रफुलांसारखे छोटे जीव, असू शकतात. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक आहे आणि ते वाफेबरोबर श्वासात जातं. अशा प्रकाराने घरातली माणसं इस्पितळात दाखल झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

दगडभर पसरले असतील तर खाणारे प्राणी आणावेत. माझी पहिली पसंती बर्घिया या छोट्या समुद्री गोगलगायीला. ती एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही, म्हणून प्रवाळाला धोका नाही. तिची करामत अशी की खाल्लेल्या एप्टेशियाच्या न फुटलेल्या दंशपेशी ती पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांमध्ये साठवून स्वतःच्या बचावाला वापरते. पण ती रात्री फिरते, काही मासे तिला गिळतात, पंपात ओढली जाते, आणि एप्टेशिया संपले की उपाशी मरते. तेव्हा काम झाल्यावर ती दुसऱ्या हौशी माणसाला द्यावी. पेपरमिंट कोळंबी स्वस्त पडते, छोटे एप्टेशिया खातेही, पण तिच्या नावाखाली पाठीला कुबड असलेली कॅमल कोळंबी विकली जाते आणि ती प्रवाळच कुरतडते. कॉपरबँड बटरफ्लाय मासा सुंदर, पण बंदिस्त टाकीत खायला लावणं अवघड. केवळ एप्टेशियासाठी तो आणणं मला पटत नाही.

खाद्य जास्त पडत असेल तर यातला कोणताही उपाय पुरणार नाही. तरंगणारे कण एप्टेशियाच पकडतो. आणि नवं प्रवाळ आणाल तेव्हा ते ज्या छोट्या चकतीवर चिकटवलेलं असतं, तिची खालची बाजू भिंगाने तपासा. शक्य असेल तर ती चकती तोडून टाका आणि प्रवाळ स्वच्छ चकतीवर लावा, मगच टाकीत सोडा.