गार्ड ढिला आहे, हे सांगणार कोण?

रबाळे, महापे, तुर्भे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कुठल्याही कारखान्यात प्रेस मशीनचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून बसवलेलं संरक्षक आवरण, ढिला झालाय, हे आधी कळतं रात्रपाळीच्या ऑपरेटरला. तो बोलतो की गप्प बसतो, यावर पुढच्या शिफ्टच्या माणसाची बोटं अवलंबून असतात. आणि बोलण्याची सक्ती करता येत नाही.

मग माणूस बोलतो कधी? रॉबर्ट आयझेनबर्गर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली सहकाऱ्यांसह मांडलं, की प्रत्येक कामगाराच्या मनात कंपनीबद्दल एक मत तयार होत जातं. माझ्या कामाची यांना किंमत आहे का? माझं बरंवाईट झालं तर यांना काही वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो त्याची परतफेड करतो. खाडे कमी होतात, कंपनी आपली वाटू लागते.

यातला एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. कंपनीने नाइलाजाने दिलेल्या गोष्टींपेक्षा आपणहून दिलेल्या गोष्टींचं वजन या हिशेबात कितीतरी जास्त असतं. हेल्मेट, सेफ्टी शूज कायद्यानेच द्यावे लागतात. मूल ॲडमिट असताना मागितल्याबरोबर मिळालेला ॲडव्हान्स मात्र माणूस विसरत नाही.

याचा अपघातांशी संबंध काय, हे १९९९ मध्ये हॉफमन आणि मॉर्गेसन यांनी एका कारखान्यातल्या ४९ गटप्रमुखांच्या अभ्यासातून तपासलं. ज्यांना कंपनीचा आधार वाटत होता, ते सुरक्षेबद्दल वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलत. असं बोलणं जिथे जास्त, तिथे सुरक्षेची बांधिलकी जास्त आणि अपघात कमी.

इस्रायली संशोधक डोव्ह झोहार यांनी पुढे सुपरवायझरच्या वागण्यात बदल घडवून पाहिला. हाताखालच्या लोकांशी तुम्ही सुरक्षेबद्दल किती वेळा बोलता, हे सुपरवायझरना दर आठवड्याला दाखवलं जाई. बोलणं वाढलं, तशा किरकोळ दुखापती घटल्या.

आपल्याकडे हे सगळं अडतं ते कंत्राटी कामगारापाशी. मशीन कंपनीचं, पगार ठेकेदाराचा. टाकीत उतरणारा, शेडवर चढणारा बहुतेकदा तोच. आणि तक्रार केली तर उद्या गेटपास मिळेल का, ही धास्तीही त्यालाच. कंपनीने त्याचं नाव आपल्या सुरक्षा समितीत घेतलं आणि त्याच्या सांगण्यावरून एकदा जरी लाइन थांबवली, तर ते पाहणारे बाकीचेही बोलू लागतील.