संगीताच्या फ्लॉप्यांची जपणूक

सँपलर (आवाज रेकॉर्ड करून पट्ट्यांवर वाजवणारं मशीन), सिक्वेन्सर (सुरांचा क्रम साठवून वाजवणारं), कीबोर्ड वर्कस्टेशन (साउंड आणि सिक्वेन्सर दोन्ही असलेला कीबोर्ड), आपोआप वाजणारे पियानो यांचा डेटा ज्या फ्लॉप्यांवर आहे त्या नीट ठेवणं, ओल-धूळ-चुंबकापासून वाचवणं आणि वेळेत त्यांची कॉपी काढणं, हे सगळं या विषयात येतं. ई-म्यू कंपनीचा इम्युलेटर नावाचा सँपलर १९८१ मधे ५.२५ इंची फ्लॉपी घेऊन आला, त्यानंतर एन्सोनिक मिराज, अकाई एस९०० (१९८६), एमपीसी६० (१९८८), यामाहाचा आपोआप वाजणारा पियानो डिस्क्लाव्हियर अशी रांगच लागली, १९९९ च्या कॉर्ग ट्रायटनलासुद्धा ३.५ इंची फ्लॉपी ड्राइव्ह होता. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि स्टुडिओतल्या कीबोर्डवाल्यांच्या कपाटात अशा फ्लॉप्या अजून सापडतात.

एका फ्लॉपीत बसतं किती ते आधी बघा. १.४४ एमबीत सीडीच्या दर्जाचा मोनो आवाज जेमतेम १६ सेकंद मावतो, म्हणून एका मोठ्या पियानो किंवा स्ट्रिंग्जच्या साउंडला चार-पाच फ्लॉप्या लागायच्या आणि त्यातली एक गेली की सेटच लंगडा. मिडी फाइल (आवाज नव्हे, कुठला सूर कधी वाजवायचा याच्या नुसत्या सूचना) मात्र लहान असते, तिथे एका फ्लॉपीत डझनांनी गाणी राहतात. शिवाय मिराज, रोलँड डब्ल्यू-३० अशा मशीनना चालू व्हायलाच सिस्टीमची फ्लॉपी लागते, ती खराब झाली तर चांगलं मशीन नुसतं पडून राहतं. त्यामुळे सगळ्यात आधी कॉपी काढायची ती सिस्टीम डिस्कची.

फ्लॉपीचा खरा शत्रू ओल. आतली चकती म्हणजे पातळ प्लास्टिक फिल्मवर चिकटवलेला चुंबकीय थर, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. जुनी ३.५ इंची फ्लॉपी ड्राइव्हमधे घालायच्या आधी वरची पत्र्याची झडप बाजूला सरकवायची, मागची धातूची चकती बोटाने हळूहळू फिरवायची आणि उजेडात तिरकं धरून बघायचं: पांढुरके ठिपके, जाळ्यासारखे डाग किंवा गोल ओरखडे दिसले तर ती घालायचीच नाही, कारण ड्राइव्हचं वाचणारं हेड त्या बुरशीवरून घासत जातं, थर खरवडला जातो, आणि तेच घाण झालेलं हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीचंही वाटोळं करतं. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा वापरतात.

ठेवायच्या तर उभ्या, बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून (आणि पुड्या बदलत राहायचं, एकदा ओल भरली की त्यांचा उपयोग नाही). साधारण २० अंशांच्या आसपास तापमान आणि ४०-५० टक्के आर्द्रता चांगली. डांबरगोळ्या जवळ नकोत. स्पीकर, अॅम्प्लिफायर, गिटारचं पिकअप यांच्याजवळ तर मुळीच नको, आणि संगीतवाल्यांच्या खोलीत नेमकी हीच जागा सोयीची वाटते. एसी स्टुडिओतून फ्लॉपी दमट हवेत आणली की लगेच वापरू नये, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर वर बाष्प धरतं.

३.५ इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवली की तिच्यावर काही लिहिलं जात नाही, ५.२५ इंचीत उलट, तिथे खाच झाकावी लागते. कॉपी काढायच्या आधी हे केलंच पाहिजे. अकाईची फ्लॉपी विंडोजमधे घातली की डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारतं, घाईत कोणी हो म्हटलं की सगळे साउंड गेले! ती फ्लॉपी बिघडलेली नसते, फक्त अकाईचा फॉरमॅट विंडोजला कळत नाही.

म्हणूनच बाजारातला साधा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह दरवेळी पुरत नाही, तो बहुतेक ७२० केबी आणि १.४४ एमबीचे नेहमीचे फॉरमॅटच वाचतो. बाकीच्यांसाठी ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स लागतं, ही साधनं चकतीवरचे चुंबकीय बदल थेट वाचून घेतात आणि अर्थ नंतर लावता येतो. निघालेली इमेज फाइल (अख्ख्या फ्लॉपीची हुबेहूब नक्कल) पेन ड्राइव्हवर टाकून, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या गोटेक नावाच्या फ्लॉपी इम्युलेटरमधून पुष्कळ मशीनना देता येते. सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मधे थांबवली, तेव्हा नवीन फ्लॉपीवर कॉपी काढत राहणं हा काही उपाय उरलेला नाही. इमेजबरोबर लेबलचा फोटोही ठेवावा, कारण कुठल्या बँकेत (साउंडच्या गटात) कुठला साउंड हे बरेचदा फक्त तिथेच पेनाने लिहिलेलं असतं. आणि इमेज मशीनवर लोड करून, पट्ट्या दाबून आवाज ऐकल्याशिवाय मूळ फ्लॉपी कोणालाही देऊन टाकू नये.